निरोप दुपारीच आला होता

मूल, ९ सप्टेंबर २०२४

जाफरभाऊ,
जय भीम.

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल. तरीही फोडलंत, याबद्दल आधी आभार मानते. पाच वर्षं आठ महिने झाले आपल्याला बोलून. तुमचा नंबर आहे माझ्याजवळ, दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. आपलं सगळं पत्रातूनच सुरू झालं होतं, म्हणून शेवटी कागदच घेतला.

साबिरावहिनी गेल्याचं मला पेपरात वाचून कळलं. मी त्या दिवशी चंद्रपुरातच होते, ट्रेनिंगला. रिक्षा करून जटपुरा गेटपर्यंत आले आणि तिथून परत फिरवली. वहिनींच्या हातचा चहा मी इतक्या वेळा प्यायले आणि त्यांच्या मातीला आले नाही. हे आधीच सांगून टाकते, नाही तर पुढचं काही लिहिता येणार नाही.

कामाचं असं आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. भामरागडकडच्या उपकेंद्रातल्या एका नर्सबाईला लिहायला तुम्ही शिकवलं आणि पुस्तक मात्र पुण्याहून निघालं, हे लोक विसरले असतील, मी विसरले नाही. पुण्याचे प्रकाशक म्हणतात, बदलण्यासारखं काही नाही, फक्त शुद्धलेखन पाहून द्या. मला वाटलं, तुमच्या नजरेखालून एकदा गेलं तर बरं. एकशे चौऱ्याऐंशी पानं आहेत. घाई नाही, छपाईला जानेवारीत जाईल. सगळं पाहायला वेळ नसला तर सोमारीचं प्रकरण तेवढं पाहा.

मी आता मूल गावच्या दवाखान्यात नोकरीला आहे. पुढच्या नोव्हेंबरात रिटायर होईन. बाबा नव्वदचे झाले. डोळ्यांनी वाचता येत नाही, पण पुस्तक उशाशी असतं. घरी कोणी आलं की मुखपृष्ठ दाखवतात आणि म्हणतात, "माह्या पोरीनं पूर ओलांडला."

तुमची,
संघप्रिया


मूल, १ ऑक्टोबर २०२४

जाफरभाऊ,

तुमचं कार्ड मिळालं. तीनच ओळी. 'पत्र पोचलं. डोळ्यांमुळे प्रूफं पाहणं सोडलं आहे. एकेचाळिसाव्या चिठ्ठीचं उत्तर अजून यायचं आहे.'

खरं सांगते, मला राग आला. दोन दिवस कार्ड मी तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिलं. इतक्या वर्षांनी एक माणूस तुमच्या दाराशी येतो आणि तुम्ही त्याला चिठ्ठीचा नंबर सांगता!

मग पेटीतून ते हस्तलिखित काढलं. तुमच्या चिठ्ठ्या अजून पक्क्या आहेत. "कागद तुमचा आहे, बाई, त्याच्यावर मी कसा लिहू," असं म्हणून तुम्ही प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे आणि समासात लेईनं चिकटवायचे. तुमचे वडील पुस्तकं बांधणारे जिल्दसाज, त्यामुळे लेई घरचीच. पाच वर्षांत तुम्ही माझं एक वाक्य बदललं नाही. फक्त विचारलं. मी पहिला लेख तुमच्या दिवाळी अंकाला पाठवला तेव्हा उत्तर म्हणून सात प्रश्न आले होते, आणि मला वाटलं होतं की लेख नापास झाला. पुस्तकाला त्रेपन्न चिठ्ठ्या होत्या. बावन्नांची उत्तरं मी दिली.

एकेचाळिसावी अशी आहे: 'निरोप आला तेव्हा शाळेत पोरं खिचडी खात होती, म्हणजे बारा-साडेबारा. तुम्ही निघालात तेव्हा गुरं घरी येत होती. मधला वेळ कुठे गेला?'

ही चिठ्ठी तुम्ही दाखवलीत त्या दिवशी तुमच्या समोरच्या खोलीत मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "जाफरभाऊ, तुमाले पूर काय माहीत? झरपट नदीच्या पलीकडं कधी गेले का तुमी?" तुम्ही चष्मा पुसत म्हणाले, "नाई गेलो, बाई. म्हनूनच तं विचारून राह्यलो." मी कागद गोळा केले आणि उठले. वहिनी कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांच्या बाजूनं निघून गेले.

मग महिनाभरानं पुस्तक पुण्याला पाठवलं. त्याआधी खिचडी काढून टाकली. गुरं घरी येत होती तेव्हाच निरोप आला, असं केलं. एका ओळीचं काम. पुण्यात ते कोणाला खटकलं नाही. तुम्ही छापील पुस्तक वाचलं असेल तर तुम्हाला खटकलं असेलच.

आणि मी लोकांना सांगत फिरले की जाफरभाईंना माझं ते प्रकरण कापायचं होतं. तुम्ही कापायचं म्हटलंच नव्हतं.

पूर, पाऊस, डोंगा मिळायला लागणारा वेळ, हे सगळं तिथे राहिलेल्यालाच समजतं. एवढंच माझं उत्तर आहे.

संघप्रिया

ता. क. ऑगस्टात गडचिरोलीहून एका मुलीचा फोन आला होता. मंगली नाव. सोमारीची मोठी मुलगी. नर्सिंग शिकते आहे. त्यानंतर मी तुमचा नंबर लावला होता, दोन्ही वेळा. ती या रविवारी भेटायला येणार आहे.


मूल, ७ ऑक्टोबर २०२४

जाफरभाऊ,

मंगली काल येऊन गेली. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी ड्युटीला जायच्या आधी लिहिते आहे.

२०११ मध्ये ती सहा वर्षांची होती. आता उंच झाली आहे, आईसारखी कपाळावर आठी घालून बोलते. पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणलं होतं. पाणी प्यायली, चहा प्यायली, बाबांच्या पाया पडली. बाबांनी तिलाही मुखपृष्ठ दाखवलं. ती म्हणाली, "हो आजोबा, वाचलं मी."

मग आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो.

"बाई, आमच्या मॅडमनं वर्गात तुमचं प्रकरण वाचून दाखवलं. आईचं नाव आलं तवा मले आधी खुशी झाली."

तिनं पुस्तकाचं कव्हर सारखं केलं.

"मग सगळं वाचून झाल्यावर मॅडमनं विचारलं, या बाळाच्या मरणाले जबाबदार कोण? पूर्ण वर्ग म्हन्ला, सासू."

तुम्हाला प्रकरण पाठ असेल, तरी लिहिते. पुस्तकात सोमारीची सासू दिवसभर गावच्या पुजाऱ्याला झाडफुकीसाठी घरी बसवून ठेवते, कोणाला नर्सकडे जाऊ देत नाही, संध्याकाळी नाइलाजानं निरोप धाडते. मग नर्सबाई जिवावर उदार होऊन पूर ओलांडते, पण उशीर झालेला असतो. बाळ जातं. सोमारी नर्सबाईच्या गळ्यात पडून रडते. याच प्रकरणासाठी मला नागपुरात शाल मिळाली.

मंगली म्हणाली, "मी पन म्हन्लं, बाई."

"काय?"

"सासू म्हनून. सगळे म्हनत होते, तं मी पन हात वर केला. माह्याच आजीसाठी."

नंतर ती बराच वेळ तुळशीच्या... नाही, आमच्या अंगणात तुळस नाही, कढीपत्त्याच्या झाडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजीनं कोनाले अडवलं नोहोतं. माहा बाबा सांगते, तिनंच त्याले पळवलं. तो तुमच्याकडं आला तवा शाळेत जेवन चालू होतं, त्याले पन खिचडी भेटली. तुमी लिहिताना विसरल्या असान. दुसऱ्या पुस्तकात तेवढं सुधरवा, बाई. बाकी मले काही नाई पाहिजे."

विसरल्या असान. तिनं मला वाट करून दिली, जाफरभाऊ, आणि मी त्या वाटेनं गेले. म्हटलं, "हो गं, खूप वर्षं झाली नं, पाहते मी."

जाताना दारात म्हणाली, "तुमाले पाहूनच मी नर्सिंगले गेली." बस स्टँडपर्यंत मी तिला सोडायला गेले. तिच्या हातात मी चिवड्याचं पाकीट दिलं. खरं काय ते सांगितलं नाही.

संघप्रिया


मूल, १६ नोव्हेंबर २०२४

जाफरभाऊ,

हे एकेचाळिसाव्या चिठ्ठीचं उत्तर.

१८ ऑगस्ट २०११. तीन दिवस पाऊस लागून होता, भामरागडचा रस्ता बंद होता. माझं उपकेंद्र नाल्याच्या अलीकडे आणि सोमारीचं गाव पलीकडे. शाळेत खिचडी वाढत होते तेव्हा तिचा नवरा भिजून वऱ्हांड्यात आला. म्हणाला, "बाई, चला. पहाटेपासून कळा आहेत. मायनं हात लावून पाह्यलं, लेकरू पायाळू आहे म्हनते. माह्या हातचं काम नाई, बाईले आन, असं म्हन्ली."

म्हणजे जिला मी अडाणी म्हणून लिहिलं, तिनं नुसत्या हातानं ओळखलं होतं आणि वेळेवर ओळखलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, लसीकरणाला जाताना, माझा डोंगा उलटला होता. लसींचा डबा वाहून गेला. मी एका अर्जुनाच्या फांदीला धरून तासभर पाण्यात होते. ते मी कधी लिहिलं नाही, तुम्हालाही सांगितलं नाही, कारण त्यानंतर मी पाण्याला भिऊ लागले होते आणि पाण्याला भिणारी नर्स त्या भागात काय कामाची? बदली मागितली असती तर कारण लिहावं लागलं असतं.

मी त्याला म्हटलं, "थांब थोडं. पानी उतरू दे. तासाभरात उतरते."

तो वऱ्हांड्यात बसला. शाळेच्या स्वयंपाकीणबाईनं त्याला खिचडी दिली, ती त्यानं खाल्ली. मी आत टेबलाशी बसले आणि महिन्याचा रिपोर्ट काढला. गोळ्या मोजल्या. रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून सुंदर अक्षरात लिहिला. तो मधून मधून काठावर जाऊन पाणी पाहून यायचा आणि काही न बोलता परत बसायचा. मी बाहेर पाहत नव्हते, पण त्याच्या पावलांचा आवाज मला कळत होता. असे चार तास गेले.

मग तो दारात आला आणि म्हणाला, "बाई, मी जातो. ती वाट पाहत असन." आवाजात राग असता तर मी कदाचित उठले नसते. राग नव्हता. मी बॅग घेतली आणि त्याच्या मागे निघाले.

पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. डोंगा सात-आठ मिनिटांत पलीकडे लागला. मी डोळे मिटून बसले होते. पुस्तकात ज्या प्रवासाला मी चार पानं दिली, तो एवढाच.

आणखी एक. पुस्तकात एक पुजारी आहे आणि एक नावाडी आहे. पुजारी अडवतो, नावाडी शूर आहे. प्रत्यक्षात तो एकच माणूस होता. गावचा पुजारीच डोंगा घेऊन दुपारपासून अलीकडच्या काठावर भिजत थांबला होता, माझ्यासाठी. मला एक वाईट माणूस पाहिजे होता, म्हणून मी त्याचे दोन केले.

मी पोचले तेव्हा बाळ कमरेपर्यंत आलं होतं आणि डोकं अडकलं होतं. म्हातारी सोमारीला मागून धरून बसली होती. मी दहा मिनिटांत बाळ काढलं. मुलगी होती. श्वास नव्हता. ते काम मला येत होतं, जाफरभाऊ. बारा वाजता आले असते तरी येत होतं. लवकर आले असते तर ती जगली असती का, हे कोणी डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण त्या आडोशाला मी तेरा वर्षं उभी आहे आणि आता पाय दुखायला लागले.

सोमारी माझ्या गळ्यात पडून रडली नाही. ती माझ्याकडे नुसती पाहत होती.

परत येऊन रजिस्टरमध्ये लिहिलं: निरोप मिळाल्याची वेळ, सायंकाळी सव्वाचार.

तुम्ही विचाराल, मग हे प्रकरण लिहिलंच काऊन? मला वाटलं होतं लिहिलं की सुटेल. आणि लिहिताना हात खरंच लिहून गेला, खिचडी आपोआप आली. तुम्ही तेवढंच बरोबर पकडलं. म्हणून मी तुमच्यावर ओरडले आणि जिथे कोणी विचारणार नाही अशा ठिकाणी पुस्तक घेऊन गेले.

आता काय करू ते सांगा.

संघप्रिया


चंद्रपूर, २६ नोव्हेंबर २०२४

संघप्रियाबाई,
सलाम.

हे पत्र मी सांगतो आहे आणि माझी सून निशात लिहिते आहे. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालं, दुसरं बाकी आहे. तुमचं पत्र तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी मधेच थांबली, तेव्हा तिला पुढे वाचवत नाही हे मी समजलो.

आधी माझ्याकडचं सांगतो. पुस्तक निघालं त्याच आठवड्यात मी विकत आणलं होतं. ते पान उघडलं. खिचडी गेलेली दिसली. मला कळलं की चिठ्ठी बरोबर जागी लागली होती. त्या वेळी मी तुम्हाला पत्र लिहायला पाहिजे होतं. नाही लिहिलं. तुम्ही पुण्याला गेलात याचा राग होता, आणि आपण बरोबर निघालो याचा आतल्या आत आनंदही होता. साबिरा म्हणाली होती, "त्या बाईला काही तरी खातंय, तुम्ही जाऊन या." मी म्हटलं, तिनं यावं. एक संपादक म्हणून मी त्या म्हातारीच्या नावाचा विचार केला नाही. आपल्या मानाचा केला. पाच वर्षं ते पुस्तक दुकानात विकलं गेलं, आणि काय चूक आहे ते माहीत असलेली माणसं दोनच होती. त्यातला एक मी.

आता कामाचं. प्रकरण काढून टाकू नका. काढलं तर म्हातारीवरचा आळ जुन्या प्रतींत तसाच राहील. नव्यानं लिहा. पण मला पाठवायच्या आधी सोमारीकडे जा. तिनं नको म्हटलं तर तिथेच थांबायचं, मग पुण्याचे काहीही म्हणोत. आणि मंगलीला तिच्या घरी पोचायच्या आधी सांगा. तिला ते सगळ्यांसमोर ऐकावं लागू नये.

रजिस्टरचं मी काही सांगणार नाही. नोकरी तुमची आहे, वर्ष राहिलं आहे, घरी म्हातारे वडील आहेत.

या पत्रासारखं लिहा. असं तुम्ही पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही.

जाफर


भामरागड, ३० डिसेंबर २०२४

जाफरभाऊ,

जाऊन आले. विश्रामगृहाच्या पायरीवर बसून लिहिते आहे, उद्या सकाळच्या बसनं मूलला निघेन.

मंगलीला नाताळची सुट्टी होती, ती आलापल्लीला बसमध्ये चढली. तिला तिथेच सांगितलं, बस अर्धा तास थांबते तेव्हा. सगळं सांगितलं, रजिस्टरसकट. तिनं ऐकून घेतलं, मग उठली आणि माझ्या शेजारून पुढच्या सीटवर जाऊन बसली. भामरागड येईपर्यंत वळून पाहिलं नाही. मला वाटलं, ती आता एकटीच घरी जाईल. पण नाल्याशी थांबली होती. आता तिथे पाणी घोट्याएवढं आहे. चपला हातात घेऊन आम्ही दोघींनी नाला चालत ओलांडला.

सोमारी खळ्यावर धान पाखडत होती. मला पाहून हसली, सूप बाजूला ठेवलं, बाज टाकली. सासू भिंतीला टेकून उन्हात बसली होती. तिचं नाव बुधरी. अकरा वर्षं मी त्या घरी जात होते, पण पुस्तकात तिला नावसुद्धा दिलं नव्हतं.

मी मराठीत सांगत होते आणि मंगली आजीला माडियात सांगत होती. खिचडीपर्यंत सांगितलं. त्यापुढे मंगलीला जमेना. ती उठून खळ्याच्या पलीकडे गेली. मग उरलेलं सोमारीनं सांगितलं सासूला. मी अजून बोललेच नव्हते तेही तिनं सांगितलं. रिपोर्ट लिहीत बसले होते तेसुद्धा, हातानं लिहिण्याची खूण करून.

मी विचारलं, "तुले कसं माहीत?"

"तो दारातून पाहत नोहोता का? त्याच रात्री सांगतलं त्यानं मले. बाई लिहून राह्यली होती, म्हने."

"मग तेरा वर्षं काही बोलली नाई?"

सोमारीनं सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही. म्हणाली, "काय बोलाचं? तुमी येत होत्या. तुमच्या आधी दोन नर्सबाया सोडून गेल्या. आमी बोललो असतो, तुमीही गेल्या असत्या. मंग पुढच्या बाळंतपणाले कोन होतं?"

जाफरभाऊ, मी समजत होते की त्यांना माहीत नाही. त्यांच्या बाया माझ्या हातून बाळंत होत राहिल्या, ते सुया घेत राहिले, मला मोहाची भाकर देत राहिले, आणि त्यांना सगळं माहीत होतं. मला गमवायला नको म्हणून ते गप्प होते. माफी मागायचे शब्द मी बसमध्ये जुळवत आले होते, ते तिथे बोलता आले नाहीत. नुसतं "चुकली माही" एवढंच निघालं.

बुधरी काही तरी म्हणाली. सोमारी हसली आणि मला सांगितलं, "ती म्हनते, मले वाचता येत नाई, तं पुस्तकानं माहं काय बिघडलं? ज्या पोरीनं हात वर केला, तिची माफी माग."

मी खळ्याच्या पलीकडे गेले. मंगली पाठ करून उभी होती. मी माफी मागितली. ती "हूं" म्हणाली. त्याहून जास्त काही म्हणाली नाही, आणि तिनं म्हणावं असं मलाही वाटलं नाही.

निघताना सोमारीला विचारलं, हे सगळं लिहू का? तुझं नाव राहू दे की बदलू?

ती म्हणाली, "लिहा. नाव राहू द्या. पन मी तुमच्या गळ्यात पडून रडली, हे काढा. मी रडली नाई. मले तुमचा राग आला होता."

संघप्रिया


मूल, १० मार्च २०२५

जाफरभाऊ,

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली हे निशातच्या फोनवरून कळलं. आता हे पत्र तुम्हीच वाचाल, म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

प्रकरणाचा तिसरा खर्डा तुम्ही गेल्या आठवड्यात परत पाठवला. पहिल्याला एकोणीस चिठ्ठ्या होत्या, दुसऱ्याला सहा, आणि या वेळी एकच. 'बुधरीबाईंचा हात' या ओळीशी तुम्ही विचारलं आहे, त्यांनी यापूर्वी किती बाळंतपणं केली होती? मी मंगलीला विचारून घेतलं. तिनं आईला विचारलं. गावातली चाळीसच्या वर. ते आता लिहिलं.

पुण्याचे लोक आधी म्हणाले, जुनं प्रकरण वाचकांचं आवडतं आहे, शेवटी एक टीप देऊ, तेवढ्यानं भागेल. मी म्हटलं, मग दुसरी आवृत्ती काढू नका. पंधरा दिवस काही कळवलं नाही. मग त्यांच्या संपादकबाईंचा फोन आला. तरुण आहेत. म्हणाल्या, "पहिल्या वेळी मीच वाचलं होतं. मला काहीच कसं जाणवलं नाही?" मी सांगितलं, मी तुमच्यासाठी ती जागा लिंपून पाठवली होती. नवीन प्रकरण जूनमध्ये छापतील, आणि आधीचं खोटं होतं हे पहिल्याच परिच्छेदात राहील.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी दिलं. साहेब कागद वाचून म्हणाले, "मॅडम, तेरा वर्षांपूर्वीचं आहे, रजिस्टर तरी सापडन का?" मी म्हटलं, शोधा. चौकशी लागली आहे. नोव्हेंबराच्या आधी निकाल लागतो की नाही, कोणाला माहीत नाही.

सगळ्यात अवघड बाबांना सांगणं होतं. एका सकाळी चहा देऊन त्यांच्यापाशी बसले आणि सांगितलं. ते ऐकत राहिले. मग उशाचं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "छप्पन साली मी बावीसचा होतो. नागपूरले सगळ्यांसंगं हात वर करून म्हन्लं होतं, मी खोटं बोलणार नाही. तुले लहानपणी पाठ करून घेतलं होतं नं?" मी हो म्हटलं. "मंग नवीन छापून आलं का मले वाचून दाखव. पूर्ण." एवढं बोलून त्यांनी भाजी कोणती केली ते विचारलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मंगली जानेवारीत माझे फोन उचलत नव्हती. फेब्रुवारीत तिचाच आला. म्हणाली, प्रकरण पूर्ण झालं असेल तर पाठवा. मी टाईप केलेली पानं पाठवली. चार दिवसांनी पुन्हा फोन आला. तिनं मॅडमना विचारून घेतलं होतं. शुक्रवारी शेवटच्या तासाला मी गडचिरोलीला येऊन मागच्या बाकावर बसायचं. वाचणार ती.

मी गेले. पंचेचाळीस मुली होत्या. मॅडम स्वतः खिडकीपाशी उभ्या राहिल्या, खुर्ची त्यांनी मंगलीला दिली, पण ती बसली नाही. उभ्यानं वाचलं. तुम्हाला सांगते, माझं लिहिलेलं मी इतकं सावकाश कधी ऐकलं नव्हतं. रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून लिहिला, त्या जागी ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे वाचलं. दोन-तीन मुली मागे वळून पाहू लागल्या. मी मान खाली घातली नाही. ती एवढी उभी होती, मला बसायला तरी जमायला पाहिजे होतं.

वाचून झालं. मॅडमनी या वेळी प्रश्न विचारला नाही. पंखा फिरत होता, बाहेर कोणी तरी मोटरसायकल सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. दिव्यानी नाव, मंगली नंतर म्हणाली, ब्रह्मपुरीकडची आहे, पहिल्या वेळी सगळ्यात मोठ्यानं 'सासू' म्हणणारी हीच. तिला काय विचारायचं होतं ते तिला पटकन सुचेना. शेवटी म्हणाली, "मंगली, तुही आजी आता कशी आहे?"

मंगलीनं पानं घडी केली.

"बरी आहे," ती म्हणाली. "परवा गावात एक बाळंतपण झालं. नवीन नर्सताईनं तिलेच बोलावून नेलं सोबत."

तुमची,
संघप्रिया